आधी खुंटी, मग मालक: अमेरिकेतली सरकारी जमीन कशी मोजली गेली

ओहायो नदीच्या दक्षिणेला, केंटकी राज्यात, थॉमस लिंकन नावाचा एक शेतकरी राहत होता. शेतीच्या जोडीला तो सुतारकाम करायचा. तिथे त्याने एकामागून एक तीन शेतं घेतली आणि तिन्ही ठिकाणी मालकीहक्काच्या भानगडीत सापडला. शेवटी डिसेंबर १८१६ मध्ये बायकामुलांना घेऊन त्याने नदी ओलांडली आणि इंडियाना गाठलं. मुलगा अब्राहम तेव्हा सात वर्षांचा होता. पुढे १८६० मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी अब्राहम लिंकनने स्वतःची थोडक्यात माहिती लिहून दिली. केंटकी सोडण्याची दोन कारणं त्याने त्यात सांगितली: थोडंसं कारण गुलामगिरी, आणि मुख्य कारण जमिनीच्या हक्कांची अडचण.

नदीच्या दोन काठांवर इतका फरक का पडावा? केंटकी पूर्वी व्हर्जिनियाचा भाग होता आणि तिथे जमीन मिळवण्याची रीत अशी होती: आधी सरकारकडून अमुक इतक्या एकरांचा हक्कलेख घ्यायचा, मग रानात जाऊन आवडेल तो तुकडा शोधायचा आणि तो स्वतःच्या खर्चाने मोजून घ्यायचा. हद्द लिहायची ती झाडाझुडपांच्या आधाराने. अमक्या पांढऱ्या ओकपासून ओढ्याच्या फाट्यापर्यंत, तिथून हिकरीच्या दोन झाडांपर्यंत, तिथून खडकाच्या कडेकडेने परत ओकपाशी. आपल्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहितात, त्याच जातीचं हे वर्णन. गाव जुनं असेल आणि शेजारी पिढ्यान्‌पिढ्या तेच असतील, तर असं लिहून भागतं, कारण बांध कुठे आहे ते गावाला ठाऊक असतं. केंटकीत आलेले वसाहतवाले मात्र एकमेकांना आणि त्या जमिनीलाही नवे होते. जो तो चांगली काळी माती तेवढी आपल्याकडे ओढत वेडीवाकडी हद्द आखायचा. शेजारच्या तुकड्याची मोजणी कुणी, कधी केली हे त्याला माहीत नसायचं. एकाच जमिनीवर दोन-दोन, तीन-तीन दावे चढले. ओक वादळात पडला की हद्दीचा साक्षीदारच गेला. कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात माणसांची उमेदीची वर्षं गेली, आणि ज्याच्यापाशी वकिलाला द्यायला पैसे नव्हते तो जमीन सोडून निघून गेला.

नदीच्या उत्तरेला सरकारने उलटा क्रम धरला होता. तिथे जमीन आधी मोजायची, खुंट्या ठोकायच्या, नकाशा काढायचा आणि मगच विकायची. थॉमस लिंकन १८१७ मध्ये विन्सेन्स गावच्या जमीन कार्यालयात गेला आणि त्याने एका चौरस मैलाचा पाव हिस्सा, म्हणजे १६० एकर, आपल्या नावावर नोंदवला. त्या तुकड्याला क्रमांक होता, नकाशावर जागा होती, आणि तोच तुकडा दुसऱ्या कुणाला विकला जाणं जवळजवळ अशक्य होतं.

अमेरिकेतल्या या मोजणीचं कौतुक वाचताना बहुधा तिच्या सरळ रेषांचं आणि भव्यतेचं कौतुक वाचायला मिळतं. मला तिच्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. ही मोजणी फारशी अचूक नव्हती. ती आधी झाली आणि एकदाच झाली, यातच तिचं बळ होतं. तिने केलेला अन्यायही याच गुणातून आला.

कर्जात बुडालेला देश आणि त्याची एकमेव मालमत्ता

१७८३ च्या पॅरिस तहाने अमेरिकेला मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश मिळाला. देश नवा होता आणि युद्धाच्या कर्जाने वाकला होता. केंद्रीय काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. सैनिकांचे पगार वचनचिठ्ठ्यांवर भागवलेले होते. सरकारजवळ विकण्यासारखी एकच गोष्ट होती, पश्चिमेकडची जमीन. त्या जमिनीवर वेगवेगळ्या राज्यांचे जुने दावे होते. ते त्यांनी हळूहळू केंद्राकडे सोपवले. व्हर्जिनियाने ओहायो नदीच्या उत्तरेचा मोठा दावा १७८४ मध्ये सोडला.

त्याच वर्षी थॉमस जेफरसनच्या समितीने चौकोनी मोजणीची योजना मांडली. प्रत्येक बाजू दहा मैलांची, असे मोठे चौकोन तिने सुचवले होते. काँग्रेसने त्यात बदल करून २० मे १७८५ रोजी जमिनीचा अध्यादेश मंजूर केला, आणि आज विमानातून दिसणारी अमेरिकेची चौकटीचौकटीची जमीन त्यातून उभी राहिली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन म्हणजे एक टाउनशिप. तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ भाग, ज्यांना पुढे सेक्शन हे नाव पडलं. एका सेक्शनमध्ये ६४० एकर. किंमत एकरी किमान एक डॉलर. आणि प्रत्येक टाउनशिपमधला १६ क्रमांकाचा भाग शाळेसाठी राखीव. हे शेवटचं कलम मला फार मोलाचं वाटतं. ज्या रानात अजून एकही मूल आलेलं नाही, तिथे शाळेच्या खर्चाची तजवीज आधीच नकाशावर करून ठेवलेली होती. १८४८ पासून नव्या प्रदेशांमध्ये ३६ क्रमांकाचा सेक्शनही शाळांना मिळू लागला, आणि युटा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको या कोरड्या राज्यांना तर चार-चार सेक्शन मिळाले.

विक्रीचा सुरुवातीचा बेत मात्र गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हता. कमीत कमी ६४० एकर घ्यावे लागत, म्हणजे रोख ६४० डॉलर. १७९६ मध्ये दर दुप्पट झाला. मग लोकांच्या रेट्याने तुकडा लहान होत गेला: १८०० मध्ये ३२० एकर, १८०४ मध्ये १६०, १८२० मध्ये ८० एकर आणि दर सव्वा डॉलर, १८३२ मध्ये ४० एकर. तेव्हा पन्नास डॉलर जवळ असलेला माणूसही जमीनमालक होऊ शकत होता. दर वेळी जुन्या तुकड्याचे नुसते दोन भाग करायचे होते. नवी पद्धत शोधावी लागली नाही.

पत्ता कसा वाचायचा

या पद्धतीने देशातल्या प्रत्येक तुकड्याला पत्ता दिला. एक उदाहरण घेऊ: ‘आग्नेय चतुर्थांशाचा वायव्य चतुर्थांश, सेक्शन १४, टाउनशिप ३ उत्तर, रेंज २ पश्चिम, सहावं मुख्य रेखावृत्त.’ हा पत्ता शेवटाकडून वाचायचा.

देशात वेगवेगळ्या ठिकाणी आरंभबिंदू ठरवले आहेत. प्रत्येक आरंभबिंदूतून एक उत्तर-दक्षिण रेषा जाते, ते मुख्य रेखावृत्त, आणि एक पूर्व-पश्चिम रेषा जाते, ती आधाररेषा. अशी मुख्य रेखावृत्तं तीसहून अधिक आहेत. सहाव्याची आधाररेषा म्हणजे चाळीसावं अक्षवृत्त, जी आज कॅन्सस आणि नेब्रास्का यांच्यामधली सीमा आहे. तिथून उत्तरेला टाउनशिपची तिसरी ओळ आणि मुख्य रेखावृत्तापासून पश्चिमेला दुसरा रकाना, म्हणजे रेंज, घेतला की आपली टाउनशिप सापडते. तिच्यातले सेक्शन १७९६ च्या कायद्याप्रमाणे ईशान्य कोपऱ्यापासून मोजायचे: वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे १ ते ६, खालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे ७ ते १२, असं वळत वळत आग्नेय कोपऱ्यात ३६. तेव्हा १४ क्रमांक तिसऱ्या ओळीत, उजवीकडून दुसरा. त्या सेक्शनचे चार भाग करा, आग्नेयेचा उचला, त्याचे पुन्हा चार भाग करा, वायव्येचा उचला. तो ४० एकरांचा तुकडा झाला. पत्त्यात झाड नाही, ओढा नाही, शेजाऱ्याचं नावही नाही. न्यूयॉर्कमध्ये बसलेला माणूस कधीही न पाहिलेली जमीन यावरून निःशंक विकत घेऊ शकत होता. सट्टेबाजांचं फावलं तेही यामुळेच.

साखळी, खुंटी आणि साक्षीदार झाडं

मोजणीचं मुख्य साधन साखळी. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकात तिची रचना केली. लांबी ६६ फूट, कड्या शंभर. ऐंशी साखळ्यांचा मैल होतो आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर, त्यामुळे हिशेब दशमान पद्धतीने पटकन होतो. दाट झाडीत आणि चढउतारावर पूर्ण साखळी ओढणं जड जायचं, म्हणून तिथे अर्धी, ३३ फुटांची वापरत. हा आकडा महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीचा वाटेल. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे आपला एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजी मापांचं हे गणित दोन्हीकडे पोचलं होतं.

मापं जुळतात, हेतू मात्र जुळत नाहीत. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याची जमीनमोजणी सुरू केली. तिथे शेतं आधीपासून होती, कसणारे होते, बांध होते. आहे ते मोजायचं, मातीची प्रत ठरवायची आणि सारा बसवायचा, असं ते काम होतं. अमेरिकेतला मोजणीदार मातीची प्रत वहीत लिहायचा खरा, पण त्याला रेषा पुढे रेटायची होती आणि शेत त्या रेषेत नंतर येऊन बसणार होतं.

पथकात एक उपमोजणीदार असे. तो सरकारचा नोकर नसून ठेकेदार असायचा. १७८५ च्या अध्यादेशात मैलामागे दोन डॉलर ठरले होते आणि साखळीवाल्यांची मजुरी त्यातूनच द्यायची होती. दोन साखळीवाले, झाडं तोडणारा कुऱ्हाडवाला, पुढे जाऊन निशाण धरणारा. साखळीवाल्यांना इमानदारीची शपथ घ्यावी लागे, कारण त्यांच्या मोजण्यावर पुढचे सगळे व्यवहार उभे राहणार होते. पुढचा साखळीवाला लोखंडी टाचणी जमिनीत रोवायचा, मागचा ती उपसून गोळा करायचा, आणि हातातल्या टाचण्या मोजून किती अंतर झालं ते कळायचं. उतारावर साखळी जमिनीला टेकवायची नाही, आडवी समपातळीत ताणायची, कारण विकायची होती ती नकाशावरची सपाट लांबी. दलदल आली की छातीइतक्या पाण्यातून साखळी ओढायची. डास, ताप, ओले कपडे, संपलेलं धान्य यांच्या नोंदी त्यांच्या पत्रांतून आणि वह्यांतून भेटतात.

दर अर्ध्या मैलावर खूण करायची: सेक्शनचा कोपरा किंवा दोन कोपऱ्यांच्या मधला पाव-कोपरा. कोपऱ्यावर लाकडी खुंटी ठोकायची आणि जवळच्या झाडांची साल तासून त्यांवर सेक्शन, टाउनशिप, रेंज कोरायचे. ही साक्षीदार झाडं. वहीत प्रत्येक झाडाची जात, बुंध्याचा व्यास, खुंटीपासूनचं अंतर आणि दिशा लिहायची. खुंटी कुजली किंवा कुणी उपटली तरी झाडांवरून कोपरा परत सापडावा, ही योजना. गवताळ प्रदेशात झाडच नसेल तर मातीचा ढीग करायचा, बाजूला खड्डे खणायचे, आणि खुंटीखाली कोळसा पुरायचा. कोळसा कुजत नाही. पन्नास वर्षांनी ढीग नांगराखाली सपाट झाला तरी खणल्यावर काळा थर सापडतो आणि कोपरा तिथेच होता हे कळतं.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण आर्कान्सातलं आहे. १८१५ च्या शरदात प्रॉस्पेक्ट रॉबिन्स आर्कान्सा नदीच्या मुखापासून उत्तरेकडे निघाला आणि जोसेफ ब्राउन सेंट फ्रान्सिस नदीच्या मुखापासून पश्चिमेकडे. १८१२ च्या युद्धातल्या सैनिकांना बक्षीस जमिनी द्यायच्या होत्या, त्यासाठीची ही मोजणी. दोघांच्या रेषा एकमेकींना छेदल्या त्या एका दलदलीत, आणि तो बिंदू पाचव्या मुख्य रेखावृत्ताचा आरंभबिंदू ठरला. आर्कान्सा, मिसुरी, आयोवा, नॉर्थ डकोटा ही राज्यं आणि मिनेसोटा, साउथ डकोटा यांचा मोठा भाग त्या एका बिंदूवरून मोजला गेला. १९२१ मध्ये काउंटीची सीमा तपासायला गेलेल्या मोजणीदारांना त्या दलदलीत १८१५ ची खूण असलेली दोन झाडं सापडली. एकशेसहा वर्षांनी साक्षीदारांनी साक्ष दिली.

होकायंत्राची अडचण वेगळी होती. लोखंडाच्या खनिजाजवळ सुई भरकटते. मिशिगनचा मोजणीदार विल्यम ऑस्टिन बर्ट याने सूर्याच्या स्थितीवरून खरी उत्तर दिशा दाखवणारं यंत्र बनवलं आणि १८३६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १९ सप्टेंबर १८४४ रोजी सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला त्याच्या पथकाच्या चुंबकी सुया विचित्र फिरू लागल्या. बर्टने माणसांना आजूबाजूला शोधायला पाठवलं, तर ती लोखंडाचे दगड घेऊन परतली. मार्क्वेट भागातल्या प्रचंड लोहखाणींचा शोध असा लागला.

गोल पृथ्वीवर चौकोन

कागदावर सोपी वाटणारी ही रचना जमिनीवर एका ठिकाणी अडते. उत्तर-दक्षिण रेषा एकमेकींना समांतर नसतात. संत्र्याच्या फोडी देठाकडे निमुळत्या होत जातात, तशा त्या उत्तर ध्रुवाकडे जवळ येतात. चाळीसाव्या अक्षवृत्ताजवळ सहा मैलांची टाउनशिप वरच्या बाजूला खालच्यापेक्षा सुमारे चाळीस फुटांनी अरुंद भरते. चौकोन खरा चौकोन राहतच नाही. ओळीवर ओळ चढवत गेलं की तफावत साठत जाते.

यावर दोन उपाय केले. पहिला टाउनशिपच्या आत. कमी-जास्त भरेल ते सगळं उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांमध्ये ढकलायचं. बाकीचे सेक्शन ६४० एकरांच्या जवळ राहतात आणि त्या दोन कडांवरचे तुकडे वेडेवाकडे निघतात. दुसरा उपाय मोठ्या प्रमाणावर. ठरावीक अंतराने, आणि पुढच्या काळात दर २४ मैलांवर, एक दुरुस्तीरेषा आखायची आणि तिच्यावर पुन्हा पूर्ण सहा मैल मोजून नवी सुरुवात करायची. त्यामुळे रेषेच्या वरचे आणि खालचे कोपरे जुळत नाहीत. रस्ते सेक्शनच्या कडेने गेलेले असतात, म्हणून दुरुस्तीरेषेपाशी सरळसोट रस्ता अचानक काटकोनात वळतो, थोडं अंतर जातो आणि पुन्हा उत्तरेकडे वळतो. कॅन्सस किंवा डकोटात गाडी चालवणाऱ्याला समोर ना डोंगर ना नदी असताना असं वळण लागतं, त्याचं कारण हे.

चुकलेली खुंटी कायद्याने खरी

आता अचूकतेकडे येऊ. साखळीच्या कड्या झिजून ती लांबायची. सुई चुकायची. माणसं दमायची. ठेका मैलावर असल्याने घाईला बक्षीस होतं. त्यामुळे मैल नेमका मैल असा क्वचितच भरला. मग नव्या, चांगल्या यंत्राने पुन्हा मोजून खुंटी सरकवायची का?

११ फेब्रुवारी १८०५ च्या कायद्याने याचं ठाम उत्तर दिलं: सरकारी मोजणीत मूळ मोजणीदाराने जिथे कोपरा रोवला, तोच खरा कोपरा. वहीत ८० साखळ्या लिहिलेल्या असोत आणि प्रत्यक्षात ८१ भरोत, जमिनीवरची खूण जिंकेल. आजही अमेरिकेतला मोजणीदार जुन्या हद्दीच्या कामाला जातो, तेव्हा बरोबर जागा कोणती हे तो उपग्रहाला विचारत नाही. पहिल्या माणसाने खुंटी कुठे ठोकली होती त्याचा तो माग काढतो: कोळसा, कुजलेल्या झाडाचं खोड, जुनं कुंपण, वहीतली नोंद.

हा नियम म्हणजे शहाणपणाचा कळस आहे असं मला वाटतं. शेतकऱ्याने त्या खुंटीवर विश्वास ठेवून कुंपण घातलं, विहीर खणली, घर बांधलं. नव्या मोजणीने दर पिढीला हद्दी हलवल्या असत्या तर नदीच्या उत्तरेलाही केंटकीच अवतरलं असतं.

अर्थात खुंटी मुळात ठोकलेली असायला हवी. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात जॉन बेन्सन याच्या गटाने सरकारी ठेके घेऊन कितीतरी मोजण्या कार्यालयात बसून कागदावरच ‘केल्या’. वह्या सुबक, नकाशे देखणे, आणि रानात कोपरे नाहीत. त्यातलं बरंच काम सरकारला पुन्हा करून घ्यावं लागलं. १९१० मध्ये काँग्रेसने ठेकेदारी बंद करून पगारी मोजणीदार नेमले, तोवर बहुतेक चांगली शेतजमीन मोजून झाली होती.

ती जमीन रिकामी नव्हती

इथवर ‘रान’, ‘नवी जमीन’ असे शब्द मीही वापरले. ते मोजणीदाराच्या वहीतले शब्द आहेत. त्या जमिनीवर शॉनी, मायामी, डेलावेर आणि इतर अनेक लोकांची गावं होती, मक्याची शेतं होती, शिकारीच्या हद्दी होत्या.

पहिली मोजणीच त्यांच्या विरोधाने थांबली. अमेरिकेचा भूगोलतज्ज्ञ या पदावर असलेला थॉमस हचिन्स याने ३० सप्टेंबर १७८५ रोजी पेनसिल्व्हेनियाची सीमा ओहायो नदीला मिळते तिथून पश्चिमेकडे रेषा सुरू केली. जेमतेम चार मैल झाले असतील, तेवढ्यात जवळच्या भागात हल्ला झाल्याची बातमी आली आणि ८ ऑक्टोबरला पथक परत फिरलं. पुढच्या वर्षी ते सैन्याच्या पहाऱ्यात आलं. तिथल्या लोकांना साखळीचा अर्थ नीट समजला होता. जिथे साखळी फिरते तिथे मागून कुऱ्हाडी येतात. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखालच्या संयुक्त फौजेने जनरल सेंट क्लेअरच्या सैन्याचा धुव्वा उडवला. सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले. तरी १७९४ च्या पराभवानंतर, १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात त्यांना आजच्या ओहायोचा बहुतेक भाग सोडावा लागला.

पुढे कायद्यानेही दार लावलं. १८२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मूळनिवासी आपली जमीन फक्त केंद्र सरकारला देऊ शकतात, खासगी माणसाला विकू शकत नाहीत. गिऱ्हाईक एकच, आणि त्याच्या हाती बंदूक. तह झाला की मोजणी, मोजणी झाली की लिलाव, असा क्रम दर दशकाला पश्चिमेकडे सरकत गेला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तर पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागले. या कायद्याखाली सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. वाटपाचं माप तेच होतं, सेक्शनचा पाव हिस्सा.

सर्वांत खोल घाव १८८७ च्या डॉज कायद्याने घातला. जमातींकडे सामाईक मालकीच्या ज्या राखीव जमिनी उरल्या होत्या, त्याही या चौकटीत कापून कुटुंबागणिक १६० एकर वाटायचे आणि ‘उरलेली’ जमीन बाहेरच्यांना खुली करायची, असा तो कायदा. १८८७ मध्ये जमातींकडे १३ कोटी ८० लाख एकर होते. १९३४ मध्ये धोरण बदललं तेव्हा ४ कोटी ८० लाख उरले होते. ज्या नियमाने थॉमस लिंकनसारख्या गरिबाला निश्चिंत केलं, त्याच नियमाने आधीच्या माणसाचा हक्क कागदावर येऊच दिला नाही. रेघ पहिली ओढली गेली तेव्हाच हक्कांची नोंद सुरू झाली, आणि त्याआधी काय होतं हे विचारायला वहीत रकाना नव्हता.

वहीत पाण्यालाही नीट जागा नव्हती. १६० एकर ओहायोत कुटुंबाला पुरतात. शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला, जिथे पाऊस तुटपुंजा, तिथे तेवढ्यात उपासमार होते. पश्चिमेचा प्रदेश पालथा घातलेल्या जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ च्या आपल्या अहवालात सांगितलं की तिथे चौकोन सोडा, ओढ्यानाल्यांच्या काठाने हद्दी आखा, ओलितासाठी ८० एकर द्या आणि चराईसाठी २५६० एकर द्या. काँग्रेसने ऐकलं नाही. चौकट तशीच डोंगरांवरून आणि वाळवंटातून गेली, आणि हजारो कुटुंबं तिथून मोडून परतली.

जुन्या वह्या आज काय सांगतात

मोजणीदारांनी नकळत एक खजिना ठेवला. दर अर्ध्या मैलाला कोणती झाडं होती, किती जाड होती, माती कशी होती, याची ती नोंद आहे, आणि तीही नांगर लागण्यापूर्वीची. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन इथले पर्यावरण-अभ्यासक या वह्यांवरून दोनशे वर्षांपूर्वीच्या जंगलाचे नकाशे काढतात. चुकांचाही कधी फायदा झाला. उत्तर मिनेसोटात १८८२ च्या मोजणीत जंगलाचा एक तुकडा चुकून सरोवराचं पाणी म्हणून नकाशावर गेला. पाणी तोडायला कोण जाणार? लाकूड कंपन्यांनी भोवतालचं सगळं पाइन कापून नेलं, तो १४४ एकरांचा तुकडा वाचला, आणि त्यातले शेकडो वर्षं जुने पाइन आजही उभे आहेत.

दुसरं एक प्रकरण अगदी ताजं आहे. १८६० च्या दशकात रेल्वे कंपन्यांना मार्गाच्या दोन्ही बाजूंचे विषम क्रमांकाचे सेक्शन दिले गेले आणि सम क्रमांकाचे सरकारकडे राहिले. त्यामुळे वायोमिंगसारख्या राज्यात आजही एक सेक्शन खासगी, त्याला लागून एक सरकारी, अशी मांडणी मैलोन्‌मैल आहे. सरकारी सेक्शन एकमेकांना फक्त कोपऱ्यात भेटतात. त्या कोपऱ्याला लांबी-रुंदी नाही, तो नुसता बिंदू आहे. २०२१ मध्ये चार शिकाऱ्यांनी अशा एका कोपऱ्यावर शिडी ठेवली आणि खासगी जमिनीवर पाऊल न टाकता एका सरकारी सेक्शनमधून दुसऱ्यात उतरले. शेजारच्या मालकाने दावा लावला की त्याच्या जमिनीवरची हवा त्यांनी ओलांडली. फौजदारी खटल्यात ज्युरीने शिकाऱ्यांना निर्दोष सोडलं, आणि मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्रीय न्यायालयांच्या दहाव्या विभागाच्या, अपील न्यायालयाने दिवाणी दाव्यातही त्यांच्याच बाजूने निकाल दिला. असा कोपरा ओलांडल्याशिवाय पोचता येत नाही अशी सरकारी जमीन पश्चिमेकडच्या राज्यांत ८० लाख एकरांहून अधिक आहे. दहाव्या सर्किटच्या हद्दीतल्या सहा राज्यांमध्ये आता या निकालाचा आधार घेता येतो. इतर राज्यांमध्ये हा प्रश्न अजून सुटायचा आहे.